पाहुण्यांचं कार्ड

सह्या मीच गोळा केल्या.
बासष्ट घरं, त्यातली सात कुलूपबंद.
एकानं जिन्यातूनच विचारलं, "फुकट आहे का हो?"
फडतरे वहिनींनी सही करण्याआधी
अर्जातल्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या.

तक्रार खरी होती.
सकाळी सातला, दुपारी साडेबाराला
कोथरूडमधली आमची गल्ली म्हणजे
नुसती स्कूटरची चवड.
फाटकाला टेकलेल्या, उतारावर तिरक्या,
माझ्या सँट्रोच्या बॉनेटवर कुणाचा तरी डबा,
आणि बेल.
"काका, दोनच मिनिटं, गाडी जरा पुढे घेता?"
ती दोन मिनिटं मी घड्याळ लावून मोजली आहेत.
सतरा भरतात.

पालिकेला अडीच वर्षं लागली.
मग एका रविवारी पांढरे पट्टे आले,
पट्ट्यांत आकडे,
आणि खांबावर निळी पाटी:
फक्त परवानाधारक रहिवाशांसाठी, सात ते दोन.
तिच्याखाली लगेच कुणीतरी खडूनं लिहिलं,
"मग आम्ही काय मंगळावर राहतो?"
अक्षर मुलाचं होतं, प्रश्नचिन्ह नीट गिरवलेलं.
मी फडकं घेऊन गेलो होतो.
पुसलं नाही.

क्षेत्रीय कार्यालयात राहण्याचा पुरावा मागितला.
एक्केचाळीस वर्षं राहतोय, म्हणालो.
खिडकीतल्या बाई म्हणाल्या, ते तोंडी झालं.
शेवटी गॅसचं पुस्तक चाललं.
काचेला चिकटवायचा हिरवा गोल मिळाला
आणि सोबत एक जाड कार्ड:
पाहुण्यांसाठी, वर्षाला तीस चौकोन,
एक दिवस एक चौकोन, पेनानं खोडायचा.

आता साडेबाराला गल्ली
धुऊन पालथ्या घातलेल्या ताटासारखी.
शाळेची घंटा पहिल्यांदाच पुरती ऐकू येते.
शेवटी शेवटी तिचा आवाज जरा फाटतो,
हे माहीत नव्हतं.
गर्दी पलीकडे गेली, मोठ्या रस्त्यावर,
बसथांब्याच्या तोंडाशी.
तिथल्या लोकांनीही आता वही काढली आहे म्हणे.

माझी बेल वाजते ती कुरियरवाल्याची,
तीही शेजारच्यांचं पार्सल ठेवून घ्याल का म्हणून.

जालिंदर खैरे तेवढा आला.
अठरा वर्षं त्याची व्हॅन माझ्या भिंतीला लागून उभी असायची,
अठरा वर्षं मी त्याच्याशी भांडलो,
नाव मात्र त्या दिवशी विचारलं.
दोनदा दंड भरलाय, म्हणाला. रागावला नव्हता.
"चौदा पोरं घेऊन चौक ओलांडतो, काका.
एकमेकांच्या दप्तराचा पट्टा धरायला लावतो.
शेवटची छोटी आहे ना, ती सोडते पट्टा."

कार्ड फ्रिजवर होतं.
तीसच्या तीस कोरे.

पंधरा ऑगस्टच्या आतच संपले.
पुन्हा तीच खिडकी, त्याच बाई.
"दीड महिन्यात तीस पाहुणे?"
म्हटलं, चौदा. तेच तेच येतात.
त्यांनी वाढीव कार्डाचा फॉर्म सरकवला.
पाहुण्याचं नाव. वाहन क्रमांक.
अर्जदाराशी नातं.
पेन तिथं अडलं.
सह्यांची वही फिरवताना एकदाही अडलं नव्हतं.
"भाऊ, भाचा, जे असेल ते लिहा की,
मागे रांग आहे."
खोटं लिहायचं नव्हतं, म्हणून लिहिलं:
साडेबाराचं.

बाईंनी चष्मा कपाळावर नेऊन मला पाहिलं,
तो शब्द खोडला, शेजारी लिहिलं 'इतर',
आणि म्हणाल्या, सोमवारी या,
साहेब रजेवर आहेत.

सोमवार चार दिवसांवर.
तोवर रोज बारा वीसला चप्पल घालतो.
चौकात रांगेच्या अगदी शेवटी मी असतो,
छोटीच्या मागे.
ती माझंही बोट सोडते.